वीतभर

येनागोआत, बाजाराच्या मागच्या गल्लीत
एबिएरेचं शिलाई-दुकान आहे.
तिचा जनरेटर काखोटीला मारता येईल एवढा,
निळा, एका अंगाने चेपलेला,
ओरडतो मात्र लग्नात रुसलेल्या मामासारखा.

दुकानापासून वीस पावलांवर असतो तो,
सिमेंटच्या ठोकळ्यावर, भिंतीपासून अंतर राखून,
डोक्यावर पत्रा, चारी बाजूंनी वारा.
पूर्वी उंबऱ्यातच असायचा.
पूर्वी म्हणजे
शेजारच्या गाळ्यात तोंब्रा केस कापायचा तेव्हा.
फुटबॉलचा सामना चालू होता,
खुर्चीतल्या गिऱ्हाईकाची अर्धीच हजामत झालेली,
आणि त्याने चालू यंत्रातच पेट्रोल ओतलं.
गोल पाहायचा राहू नये म्हणून.
वाचला तो.
आता आईकडे असतो, नदीपलीकडे.
बोटांत कात्री धरवत नाही.

शुक्रवारी रात्री आठला मी तिथे बसले होते.
उद्या भावाचं लग्न,
माझा ब्लाउज एका बाहीवर अडलेला.
यंत्राचा आवाज आधी खोल गेला,
दिवा लाल झाला, मग काहीच नाही.
टाकी संपली.

नवा पोऱ्या तिमी धावत गेला,
गल्लीच्या टोकाच्या पेटीतून पिवळा कॅन आणला,
फोनची बॅटरी दातात, झाकण अर्धं उघडलेलं.
"ठेव खाली."
एबिएरेचा आवाज चढला नाही.
"झाकण लाव. आता तळवा धर त्याच्याजवळ.
लावू नकोस. नुसता धर."
पोराने धरला. मागे घेतला.
"राग गेलाय का त्याचा?"
"नाही."
"मग?"

मी चिडले. खरंच चिडले.
शाळेत तीस वर्षं मुलांना वेळेचं महत्त्व शिकवलंय मी,
आणि इथे एक लोखंडी खोकं
गार होण्याची वाट बघायची?
मेणबत्ती तरी लाव, म्हटलं.
तिने पर्समधली माझी काडेपेटी मागून घेतली
आणि स्वतःच्या खिशात टाकली,
शाळेत आम्ही गोट्या जप्त करतो तशी.

मग चार्जिंगचा कंदील गुडघ्याशी घेतला,
सुई ओवली, आणि माझी बाही
हाताने शिवायला लागली.
बेडकांचा आवाज ऐकू यायला लागला.
इतका वेळ तो होताच.
दूर कुणीतरी भांडत होतं,
कुणाचं तरी तळलेलं केळं करपत होतं.
ती टाके घालत होती, दाट, एकसारखे,
तिमी दर थोड्या वेळाने तळवा धरून यायचा
आणि नुसती मान हलवायचा.

शेवटी मान उलटी हलली.
कॅन, नरसाळं, सांडलेला थेंब पुसलेलं फडकं,
कॅन परत पेटीत, आणि मगच दोरी ओढली.
उरलेली बाही यंत्राने चार मिनिटांत झाली.

लग्नाच्या सभागृहात रात्री नऊला अंधार पडला.
नवरी केक कापायच्या बेतात,
ढोलवाले हात वर करून थिजलेले.
मागच्या अंगणात मोठा जनरेटर नुकताच घरघरून गप्प झालेला,
माझा धाकटा चुलतभाऊ दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन पळत होता,
ओठात पेटती सिगारेट.

मी कशी मध्ये गेले, मला ठाऊक नाही.
पन्नाशीची बाई, उंच टाचा, डोक्यावर एवढं मोठं फेटेदार कापड.
सिगारेट ओढून घेतली, चिखलात विझवली.
"कॅन ठेव खाली," म्हणाले.
आवाज माझा नव्हता.

आतून लोक ओरडत होते.
काका म्हणाले, पाहुण्यांसमोर हा काय तमाशा.
"किती वेळ थांबायचं?" त्याने विचारलं.

मी अंधारात डावी बाही चाचपली,
मनगटापासून वर,
हातशिलाई जिथे संपते तिथवर.

"वीतभर," म्हणाले.